दातांच्या डॉक्टरांचा पोपट

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि दातांच्या डॉक्टरांचं घर एकदम गप्प झालं. पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता, तिथे माणसांची ये-जा असे. पण मागच्या घरात बायकोच्या सोबतीला कुणी उरलं नाही. पोपट पाळायचं ठरलं. वाद पेटला तो आकारावरून.

"छोट्यांची जोडी आणू," बायको म्हणाली. "मूठभर जीव. चिवचिव करतील, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"पाळायचा तर मोठा. चार शब्द बोलेल तरी!"

पक्षीवाल्याने कुणाचीच बाजू घेतली नाही. "छोटे सांभाळायला सोपे. मोठा म्हणजे घरात माणूस वाढलं समजा. रुसतो, हट्ट करतो, आणि पन्नास वर्षं जगतो."

"पन्नास?" साठीला टेकलेल्या डॉक्टरांनी बोटांवर हिशेब केला. "मग आमच्यानंतर?"

"लेकीला आत्ताच विचारून ठेवा."

तरी डॉक्टरांनी मोठाच उचलला. नाही पटला तर बदलून मिळणार होता.

राखाडी, ऐटबाज पोपट घरी आला आणि मौनात गेला. शेवटी डॉक्टरांनी पिंजरा दवाखान्याच्या आतल्या खोलीत, खुर्चीमागच्या खिडकीत टांगला. "माणसांत राहिला की शिकेल."

तो शिकला. फक्त डॉक्टरांसमोर चोच उघडत नसे.

एका दुपारी डॉक्टर केस कापायला गेले. बाहेरच्या खोलीत सुजलेला गाल धरून फौजदार बसले होते, शेजारी गाण्याच्या बाई. आतून आवाज आला, "घर्रर्रर्र…"

मग कुणीतरी कळवळलं, "आई गं!"

"झालं, झालं, थोडंच राहिलं," डॉक्टरांचा आवाज.

"घर्रर्रर्र… आई गं! मेलो!"

हे थांबेचना. चोरांना धडकी भरवणाऱ्या फौजदारांच्या कपाळावर घाम आला.

"त्या माणसाला दात आहेत तरी किती?" बाई कुजबुजल्या.

तेवढ्यात रस्त्याकडचं दार उघडून, नुकतेच केस कापलेले डॉक्टर हसतमुखाने आत आले. "अरे वा, लवकर आलात!"

"झालं, झालं, थोडंच राहिलं," आतून डॉक्टरच म्हणाले.

बाई किंचाळल्या. फौजदार मात्र दातदुखी विसरून ताडकन उठले. "तोतया! मागे व्हा सगळे!" म्हणत त्यांनी आतल्या दाराला खांद्याने धडक दिली. दार नुसतंच लोटलेलं होतं. फौजदार धडपडत आत गेले ते थेट खुर्चीत जाऊन पडले.

पोपटाने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. "तोंड उघडा."

फौजदारांनी उघडलं. डॉक्टरांनी ती संधी सोडली नाही.

डॉक्टर दुपारी जेवायला उठले की आलेले रुग्ण हल्ली दारातूनच का परत जातात, ते कोडंही सुटलं. संध्याकाळी डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "तुझंच बरोबर. उद्या हा परत करू, छोटी जोडी आणू."

"जोडी आणा. पण हा कुठे जायचा नाही," बायको म्हणाली. "घरातल्याला असं बदलून आणतात का?"

छोटी जोडी बाहेरच्या खोलीत आली. रुग्ण चिवचिवाट ऐकत निवांत बसू लागले. मोठ्याचा पिंजरा स्वयंपाकघरात गेला. महिन्याभराने बायकोने हाक मारली, "अहो, जरा येऊन ऐका."

पोपटाने छाती फुगवली, डोळे मिटले आणि अगदी नाजूक आवाजात तो म्हणाला, "चिव."

"अरे, बोल ना! 'तोंड उघडा' म्हण!" डॉक्टर विनवू लागले.

"चिव चिव."

डॉक्टरांना ते फार लागलं. त्याला पुन्हा बोलतं करायचंच, म्हणून दवाखाना बंद झाला की ते पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसू लागले. कुणाची दाढ किडली, फौजदार आता कसे चावून चावून जेवतात, सगळं त्याला सांगत. पोपट ढिम्म. बायकोच भाजी चिरता चिरता मध्येच काहीतरी विचारी, हसे, स्वतःचं एखादं सांगे. हळूहळू स्टुलाचं तोंड तिच्याकडे वळलं.

एके दिवशी दोघांच्या गप्पा इतक्या रंगल्या, की पोपटाने आधी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर उभं राहून वाट पाहिली, आणि शेवटी वैतागून त्यांच्याकडे पाठ फिरवली.