बेडकाचा मान

माझी बहीण ज्या गेमची कॉमेंटरी करते, त्या गेममधल्या बेडकाने मंगळवारी उड्या मारणं बंद केलं, कारण त्याचा मान राहिला होता.

बहिणीचं नाव संपदा. मिरजेला आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत बसून ती बेडकाला नदी पार करायला लावते. "बालमित्रांनो, बेडूकराव निघाले, समोर मगर, आता कसं?" असं ती बोलत राहते आणि लहान मुलं बघत बघत जेवतात. चॅनेलला लाखभर मुलं झाली म्हणून सोसायटीने गणपतीत तिचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, चेअरमन कोळेकरकाकांचं भाषण. बेडकाला कुणी बोलावलंच नाही.

तो ओंडक्यावर मांडी घालून बसला. संपदाने सगळी बटणं दाबून बघितली.

"दाबा, दाबा," बेडूक म्हणाला. "मगरीच्या तोंडात मी जायचं, शाल तुम्ही पांघरायची."

"अहो, गडबडीत राहून गेलं."

"तुमची आत्या बरी पहिल्या रांगेत होती. तिने काय केलंय चॅनेलसाठी?"

आत्याने खरंच काही केलेलं नव्हतं.

रोजचा व्हिडिओ चुकला की मुलं दुसरीकडे जातात आणि गेलेली मुलं परत येत नाहीत. चॅनेल बसलं तर संपदाने बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायचा, असं बाबांशी ठरलं होतं. बाबांनी बुधवारीच पुस्तकं आणून ठेवली.

शेवटी आई मध्ये पडली. लग्नात रुसलेली माणसं समजवायला आमच्याकडे तिलाच पाठवतात. तिने स्क्रीनला कुंकू लावलं, अक्षता ठेवल्या आणि म्हणाली, "भाऊजी, चूक आमची. संध्याकाळी सत्काराला यायचं."

"मी नाही येणार. ज्याचा मान, त्याच्या घरी जाऊन करतात."

"बरोबर आहे त्यांचं," आईचा निरोप ऐकून कोळेकरकाका म्हणाले. ते इस्त्रीचा सदरा घालून आले, चपला कीबोर्डजवळ काढल्या आणि शाल-नारळ घेऊन स्क्रीनमध्ये गेले.

सत्कार छान झाला. काकांनी दोन शब्द म्हणून बरेच सांगितले. बेडकाने शाल नीट पांघरली, नारळ काखेत मारला.

"जरा घरी दाखवून येतो," तो म्हणाला आणि गेला.

तेवढ्यात ओंडका वाहायला लागला. त्यावर काका एकटेच. समोरून मगर आली.

संपदाने सवयीने बटण दाबलं. काकांनी उडी मारली.

"बालमित्रांनो," संपदा म्हणाली, "चेअरमन निघाले."

त्या दिवशी मुलांनी कारल्याची भाजीसुद्धा खाल्ली, असं त्यांच्या आयांनी व्हिडिओखाली लिहिलंय. बाबांनी पुस्तकं शेजारच्या मुलाला देऊन टाकली.

बेडूक अजून आलेला नाही. काल कोळेकरकाकू आल्या.

"कुठवर पोचलेत हे?"

"चौथी लेव्हल, काकू."

"म्हणजे जेवायला काही येत नाहीत." त्या खुर्ची ओढून संपदाशेजारी बसल्या. थोडा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "डावीकडून ने गं त्यांना. उजवा गुडघा दुखतो त्यांचा."

संपदाने डावीकडून नेलं.