चाळीस टक्के गुडघा

बाळकृष्णरावांनी लंगडायचं ठरवलं ते सकाळच्या कॉफीच्या वेळी, आणि ठरवल्यापासून त्यांना एका जागी बसवेना. (लंगड्या माणसानं खरं तर बसूनच राहावं, पण रिटायर झाल्यापासून ते स्वस्थ बसलेले तंजावुरात कोणी पाहिलेच नव्हते.)

निमित्त झालं बँकेच्या मेसेजचं. ठेवींच्या व्याजातून टीडीएस कापला होता. पाटबंधारे खात्यात ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांची बिलं अडवली, त्यांचे पैसे कोणी न विचारता कापावेत, हे त्यांच्या जिवाला फार लागलं. मग एका पेन्शनर मित्रानं कानात सांगितलं की चाळीस टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट असलं की टॅक्सात सूट मिळते. त्यांचा डावा गुडघा कुरकुरत होताच. आता त्याच्याकडून चाळीस टक्के काढून घ्यायचे एवढंच राहिलं होतं.

घोटाळा असा की त्यांच्या पत्नी नागलक्ष्मीबाईंनी तिरुवैयारूच्या वृद्धनिवासात नदीकडची एक खोली हेरून ठेवली होती. इतकी वर्षं सांबार ढवळून त्या थकल्या होत्या. दुसऱ्या कोणी केलेली कॉफी हातात मिळावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पण ती खोली धडधाकट लोकांसाठी. ज्याला उठायला माणूस लागतो त्याची रवानगी मागच्या शुश्रूषा विभागात, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, आणि खर्च दुप्पट. बायकोपासून लांब राहायचं बाळकृष्णरावांना नुसतं मनातसुद्धा चालत नव्हतं. (आपला चष्मा कुठे असतो हे फक्त तिलाच ठाऊक होतं.) म्हणजे डॉक्टरांपुढे लंगडायचं आणि निवासाच्या लोकांपुढे ताठ चालायचं.

नेमकी ही दोन्ही माणसं एकाच मंडपात आली. राजवाड्याजवळच्या लग्नाच्या कल्याणमंडपात ज्येष्ठांचं शिबिर भरलं होतं. डावीकडे हाडांचे डॉक्टर भरद्वाज, उजवीकडे वृद्धनिवासाच्या व्यवस्थापक हरिप्रिया. मधल्या खांबाच्या अलीकडे लंगडायचं, पलीकडे सरळ व्हायचं, असा बेत करून बाळकृष्णरावांनी खांबाशी तालीमही केली. बाईंनी ती पाहिली.

"काल डावा पाय होता," त्या म्हणाल्या.

पाय बदलून ते रांगेत चुळबुळत राहिले. पुढच्याचा नंबर विचार, घड्याळ बघ, हरिप्रिया बघते आहे का ते बघ, असं चाललं होतं. शेवटी त्यांची पाळी आली. काठी टेकत, कण्हत ते निघाले. कण्हणं इतकं साधलं होतं की डॉक्टरांनी उठून त्यांना खुर्ची दिली. तेवढ्यात बाईंनी त्यांचं कोपर ओढलं.

"मामा आले."

बाईंचे मामा अनिरुद्धराव, नव्वदी ओलांडलेले, व्हीलचेअरमधून येत होते. या घराण्यात वडीलधारं माणूस दिसलं की जोडीनं नमस्कार घालायचा, मग बसस्टँड का असेना. त्यात विचार करायचा नसतो, शरीर आपोआप वाकतं. काठी एकीकडे पडली, बाळकृष्णराव सपशेल आडवे झाले आणि ताडकन उठून हात जोडून उभेही राहिले. गुडघ्यानं चकार शब्द काढला नाही.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. चाळीस राहू द्या, मला चारसुद्धा दिसत नाहीत, असं ते अगदी आदरानं म्हणाले.

गोष्ट इथे थांबली असती तर निदान खोली तरी मिळाली असती. पण त्या वेळी हरिप्रिया फोनवर बोलत होती आणि मामांना मोतीबिंदू होता.

"कोण तो, जावई काय?" मामा म्हणाले. "मला दिसलं नाही. अस्कं, सगळंच्या सगळं, पुन्हा कर."

मामांचा शब्द मोडायची सोय नव्हती. बाळकृष्णराव पुन्हा आडवे झाले. या खेपेला गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं आणि नमस्कार संपेचना. मामांनी आशीर्वाद दिला, मग आणखी एक दिला, शेवटी पुरे म्हणाले. उठवत नाही, असं बाळकृष्णरावांनी फरशीला सांगितलं. चौघांनी त्यांना उचललं. व्हीलचेअर एकच होती, तेव्हा मामा तिच्यातून उठले, जावयाला तिच्यात बसवलं आणि स्वतः ढकलत दाराकडे निघाले. वाट हरिप्रियाच्या टेबलावरून होती. तिनं फोन ठेवला, बाळकृष्णरावांची नोंद शुश्रूषा विभागात केली आणि धडधाकटांच्या खोल्यांचं माहितीपत्रक मामांना दिलं.

घरी पोहोचतात तो चेन्नईहून मुलीचा फोन. त्यांचं रिटर्न दरवर्षी विनुताच भरते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अप्पा, मागंच तुम्हाला टॅक्सच्या नव्या पद्धतीत घातलंय. तुमच्या उत्पन्नाला टॅक्सच नाही, कापलेलं परत येतं. ती अपंगत्वाची सूट त्यात चालतही नाही. मी सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा येरझाऱ्या घालत होता."

बाळकृष्णराव गुडघ्यावर शेकाची पिशवी धरून बसले. (खरोखरच बसले.) आता त्यांना टॅक्सचं काही वाटत नव्हतं. ते बायकोला म्हणाले, "तुला सोडून मी त्या मागच्या विभागात जाणार नाही. जाऊ दे ती खोली."

नागलक्ष्मीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा शोधून त्यांच्या हातात दिला.

"खोली गेली नाही. एकट्या बाईला मिळते म्हणे, मी विचारलं."

"आणि अ‍ॅडव्हान्स?"

"आत्ताच फोनवरून भरला. तुम्ही टॅक्ससाठी पैसे बाजूला ठेवले होते ना, ते. सरी, ठीक आहे, गुडघा बरा झाला की येत जा. पाहुण्यांनाही कॉफी देतात तिथं."