एकसष्ट नाबाद

कॅप्टन ऑब्रे विंटलचा रजेचा अर्ज कर्नल स्ट्रॅचनसाहेबांच्या टेबलावर नऊ दिवस पडून होता. कर्नलसाहेब अर्जांवर सही करत ती शनिवारी संध्याकाळी, आणि तीही त्या दिवशीच्या सामन्यात त्यांच्या धावा झाल्या असतील तरच. छावणीत एखाद्याला लग्न करायचं असलं, तरी तो आधी साहेबांचा फॉर्म बघत असे.

विंटलला लग्न करायचं नव्हतं, गोलंदाजी करायची होती. मायदेशातल्या त्याच्या काउंटीचं पत्र आलं होतं: मे महिन्यापर्यंत पोहोचलात तर संघात जागा आहे. विंटल एकोणतीस वर्षांचा होता. फिरकीवाल्याला हे वय काही फार नाही, पण काउंटी दुसऱ्यांदा पत्र पाठवत नाही. अर्जात मात्र त्यानं कारण नुसतं 'खासगी' असं लिहिलं होतं.

त्या शनिवारी पलटणीतल्याच दोन संघांचा सामना होता आणि कर्नलसाहेब विंटलच्या विरुद्ध बाजूला होते. एरवी यात काही धोका नसे. साहेबांचा त्रिफळा उडायची चिन्हं दिसली, की अंपायर म्हणून उभे असलेले पाद्री मॅकॉर्ट "नोबॉल!" असं ओरडत. देवाच्या माणसानं खोटं बोलावं का, ही चर्चा पलटणीत कधी झाली नाही. रविवारी ते भरपाई करत.

"वाईट बॉल टाक," यष्टिरक्षक लेफ्टनंट क्रॉसबी कानाशी लागला. "म्हाताऱ्याची पन्नाशी झाली, की तू बोटीत बसलास."

"वाईट टाकायची सवय नाही रे मला."

"त्यात काय अवघड आहे? मला जन्मतःच जमतं."

विंटलनं आयुष्यातला सर्वांत वाईट बॉल टाकला. तो मजल दरमजल करत निघाला, वाटेत खेळपट्टीवरच्या मॅटिंगच्या खिळ्यावर आपटला, हातभर वळला आणि त्यानं साहेबांच्या यष्टीवरची एक बेल अलगद खाली ठेवली. पाद्री नेमके तेव्हा चष्मा पुसत होते. "हाऊज दॅट!" असं कुणीतरी गरजलं. तो आपलाच गळा आहे, हे विंटलला जरा उशिरा कळलं.

"नोबॉल!" चष्मा चढवत पाद्री ओरडले.

"बेल पडून थंड झाल्यावर कसला नोबॉल, पाद्री?" चार धावांवरचे कर्नलसाहेब बॅट काखेत मारून म्हणाले. "बाद म्हणजे बाद. मी चाललो."

साहेब सभ्य गृहस्थ होते, ही मोठी अडचण होती.

"साहेब, थांबा! बेल वाऱ्यानं पडली," क्रॉसबी म्हणाला. पलटणीचा झेंडा ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता.

"आणि बॉल वळला तो?"

"तोही वाऱ्यानंच, साहेब."

"गप रे! विंटल, तू अपील केलंस. मी या कानांनी ऐकलं."

"ते अपील नव्हतं, साहेब," विंटल म्हणाला. पुढे काय म्हणायचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. "खोकला होता."

"'हाऊज दॅट' असा खोकला?"

"फार जुना आहे, साहेब." आणि त्यानं खोकून दाखवलं.

अपीलच नाही तर बाद कसला, असा निकाल पाद्रींनी घाईघाईनं दिला. साहेब परत फिरले आणि एकसष्टवर नाबाद राहिले. विंटल मात्र उरलेली दुपार इमानेइतबारे खोकत होता. चहाच्या वेळेपर्यंत त्याला त्यात बरीच गती आली होती.

संध्याकाळी कर्नलसाहेबांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"सही करणारच होतो रे. पण ही छाती घेऊन तू तिकडच्या पावसात उभा राहणार? मरशील! ते पाप माझ्या माथी नको."

"छाती ठणठणीत आहे, साहेब. डॉक्टरांना विचारा."

"ठणठणीत? मग दुपारी काय होतं ते?"

विंटलनं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"नाही, म्हणजे बघ," कर्नलसाहेब सावकाश म्हणाले, "खोकला नसेल, तर ते अपील होतं. अपील होतं, म्हणजे मी चारवरच बाद." धावांच्या वहीतलं पान त्यांनी फ्रेमसाठी कापून समोर ठेवलं होतं. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "बत्तीस वर्षांत माझी पन्नाशी कधी झाली नव्हती रे. खरं सांग. मी राग धरणार नाही."

ते राग धरणार नव्हते. खरं ऐकल्यावर ते पान फाडतील आणि अर्जावर सहीही करतील, हे विंटलला स्वच्छ दिसत होतं. त्यानं अर्जाकडे पाहिलं. मग साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. परीक्षेचा निकाल लागायच्या आदल्या क्षणी पोरं बघतात, तसे ते बघत होते.

विंटल खोकला.

काउंटीनं दुसरा फिरकीवाला घेतला. सात वर्षांनी, निवृत्त होऊन मायदेशी गेलेल्या कर्नलसाहेबांचं पत्र आलं: "काल काउंटीचा सामना पाहिला. त्यांचा फिरकीवाला अगदीच सुमार, तुझ्या निम्म्यानंही नाही. राहून राहून वाटत होतं, आपल्या विंटलनं इकडे खेळायचा कधी प्रयत्न का केला नाही? माणसाला थोडी तरी महत्त्वाकांक्षा हवी रे."

विंटल ते पत्र घेऊन व्हरांड्यात बसला. मग त्यानं चार पानी उत्तर लिहिलं आणि फाडलं. दुसरं लिहिलं ते एका ओळीचं.

"साहेब, सुचलंच नाही."