पाटलांचा बिनधुराचा कुकर

सुरतेहून आणलेल्या पितळी कुकरला दोधू पाटलाने कुंकू लावलं आणि घरच्या चुलीला तंबी दिली, "आज तुन्हं काय काम नही!" खाली निखारे, वर पाणी, त्यावर एकावर एक भांडी, भाजी म्हणे वाफेवर आपोआप शिजते. आज लेकीचे सासरे, भिला पाटील, लग्नानंतर पहिल्यांदाच कोरीट गावी दोधूकडे जेवायला येणार होते. त्यांच्यासाठीचं वांग्याचं भरीत फसलं असतं तर दोधूचं नाकच कापलं गेलं असतं.

"काड्यासवर भुंजेल नही, ते भरीत कसानं?" वांगी काड्यांवरच भाजत आलेली त्याची बायको छबूबाई म्हणाली.

"तू बाहेर बस. धूर नही, डोळासले पानी नही. तुन्हाचकरता आनेल शे."

दुकानदाराने बजावलं होतं, निखाऱ्यांना वारा लागू देऊ नका. दोधू हाडाचा शेतकरी. कणगी लिंपावी तशी त्याने कुकरची खालची भोकं शेणमातीने लिंपून टाकली, घराचं दार लावलं आणि समोर मांडी ठोकून बसला.

ऊन माथ्यावर आलं. ओट्यावर रिकाम्या हाताने बसलेल्या छबूबाईला, पाहुण्यांपुढे वाढायचं काय या काळजीने रडूच फुटलं. शेजारच्या भिकुबाईने पाहिलं. जेवणवेळ झाली तरी घरातून धूर नाही, दार बंद, बाई पदरात तोंड घालून रडतेय! भरल्या घराची चूल थंड राहते ती घरातलं कुणी गेलं तरच.

"काय व्हयनं वं?"

छबूबाईला हुंदका आवरेना. तिने नुसतं बंद दाराकडे बोट केलं.

"माय वं! दोधू गया!" भिकुबाईने हंबरडा फोडला.

आत दोधूने कान टवकारले. बायका जमल्या; छबूबाईचं 'नही, नही' त्या गलक्यात कुणी ऐकलंच नाही.

"सोनासारखा मानूस व्हता!"

"कोनले कधी उलटा बोलना नही!"

दोधू उठणार होता, पण जन्मात त्याच्याबद्दल कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. आणखी थोडं ऐकावं म्हणून तो पुन्हा बसला. पुरुषमंडळी तिरडीसाठी बांबू आणायला निघाली, तेव्हा मात्र त्याने धाडकन दार उघडलं.

"मी जित्ता शे!"

अर्ध्या बायका पळाल्या. भिकुबाई कमरेवर हात ठेवून भडकली, "जित्ता शे तं चूल का बरं नही पेटाडी? आखी गल्लीनं रांधेल इठे उनं!"

खरंच, रीतीप्रमाणे घराघरांतून भाकरी, डाळ आणि काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत ओट्यावर येऊन पडलं होतं. दुःखाच्या घरासाठी काढलेलं अन्न माघारी न्यायचं नसतं, म्हणून टोपल्या तिथेच राहिल्या.

दोधूने कुकर उघडला. निखारे केव्हाच विझलेले, वांगी शेतातल्यासारखी टणक. इतक्यात भिला पाटलांची बैलगाडी दारात उभी!

छबूबाईने डोळे पुसले आणि त्याच टोपल्यांतून ताटं वाढली. व्याही बोटं चाटत जेवले.

"याही, कुकर भारी शे! भरीतले धुराना वास बी उतरना. माले बी एक लेना शे. कसा लावतस?"

दोधूने बायकोकडे पाहिलं. ती पदराआड हसत होती. खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"सोपं शे, याही. दार लाई ल्या, चूल पेटाडू नका, नि विहीणबाईसले ओटावर रडाले बसाडा. बाकीनं सगळं गाव रांधी आनस."