तहानलेला खडा

गॅलरीत टांगलेली सलाइनची बाटली बघून समोरच्या फ्लॅटमधल्या वेदिकाने बेल वाजवली आणि काळजीने विचारलं, “सर, काकूंना बरं नाही का?”

“तिला काय धाड भरलीये? दगडाला लावलंय सलाइन,” प्रफुल्ल अहिरराव सर म्हणाले आणि पुन्हा मशीनवर वाकले.

देवळाली कॅम्पच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून सर मार्चमध्ये रिटायर झाले. एप्रिलमध्ये त्यांनी मोबाइलवर रत्नं घासायचे व्हिडिओ बघितले आणि मे महिन्यात जयपूरच्या एका व्यापाऱ्याकडून कच्च्या ओपलची पुडी मागवली. पुडीत नऊ खडे. दिसायला रस्त्यावरच्या खडीसारखे, पण उन्हात धरले की आतून हिरवा-केशरी रंग चमकायचा. काडीच्या टोकाला लाखेने खडा चिकटवायचा, फिरत्या चाकावर धरायचा आणि तो तापू नये म्हणून वरून थेंबथेंब पाणी सोडायचं. त्यासाठी ती बाटली.

आता हा उपद्व्याप कशासाठी? तर लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसासाठी. सरांच्या पत्नी सिंधुताईंची नामपूरची बहीण लंकाबाई दरवर्षी नवऱ्याने केलेला नवा दागिना मिरवत यायची. सिंधुताई कधी तक्रार करायच्या नाहीत, पण एकदा बोलता बोलता म्हणून गेल्या, “तीस वर्षांत तुम्ही स्वतःच्या मनाने मला एकच वस्तू आणलीत. कुकर.” हे सरांना फार लागलं. त्यांनी त्याच दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर केलं, “यंदा सिंधूला मी स्वतः घडवलेल्या रत्नाची अंगठी देणार.” झालं! आता माघार नाही.

पहिला खडा काडीवरून उडाला तो थेट वेदिकाच्या कूलरमध्ये. दुसरा तापून तडकला. तिसऱ्याचे रंग नेमके वरच्या थरातच होते, ते सरांनी मन लावून घासून काढले. चौथ्यापासून आठव्यापर्यंतची कहाणी न सांगितलेली बरी. नववा मात्र जमला. हरभऱ्याएवढा, गोल गरगरीत. पण पॉलिश करून पुसला आणि बघतात तर काय, रंग गायब! खडा पाण्यासारखा पारदर्शक. सरांनी घामाघूम होऊन जयपूरला फोन लावला.

“घबराइए मत मास्टरजी,” व्यापारी हसला. “ये पत्थर पानी पीता है. सूखेगा तो रंग वापस आएगा.”

चार दिवसांनी रंग खरंच परत आले. सर लहान मुलासारखे घरभर नाचले. सराफ बाजारातून अंगठी करून आणली आणि डबी सिंधुताईंच्या हातात देऊन बजावलं, “परवा सगळ्यांसमोर घालायची. आणि हे बघ, याला पाण्याचा थेंबसुद्धा लागता कामा नये.”

“शुक्राचा खडा आहे. शुद्ध करून घालायचा असतो.”

“शुक्राला तुझ्या बोटाशी काय देणंघेणं? ही सिलिका आहे, सिलिका!”

सिंधुताई “बरं” म्हणाल्या. या “बरं”ला घाबरायला हवं, हे तीस वर्षांनंतरही सरांना कळलेलं नव्हतं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सर पेढे घेऊन आले. पाहुणे तासाभरात पोचणार होते. अंगठी एकदा डोळे भरून पाहावी म्हणून त्यांनी डबी उचलली, तर डबीपासून खिडकीपर्यंत मुंग्यांची रांग. डबी उघडली. आत अंगठी होती, खड्यात रंगही खेळत होते. पण दुधासारखा पांढरा खडा गुळाच्या खड्यासारखा पिवळाजर्द झालेला.

“सिंधू,” सरांनी आत हाक मारली, “ओपलला मुंग्या लागतात का गं?”

सिंधुताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “धुतली होती हो मी नीट... म्हणजे, पुसली होती.”

“कशातून काढून पुसली?”

“पंचामृतातून.”

“अगं, मी पाणी लावू नको म्हटलं होतं!”

“मग? पाण्याचा थेंब नव्हता त्यात. दूध, दही, तूप, मध, साखर. वर चिमूटभर हळद वाहिली. परवा रात्री अर्धा तासच ठेवणार होते, तेवढ्यात लंकीचा फोन आला. दोन तास बोलली मेली.”

सरांनी मनात हिशेब मांडला. नऊ खडे, दोन महिने, बोटांची सालटी, आणि शेवटी खडा पंचामृत पिऊन बसला. सिंधुताईंचे डोळे भरून आले.

“तुम्ही जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी एवढं केलंत. दृष्ट लागेल म्हणून देवीपुढे ठेवली हो. चुकलंच माझं. पण मी हीच घालणार. हसू देत लोक.”

सरांनी मुंग्या झटकल्या, अंगठी पुसली आणि तिच्या बोटात घातली. त्यांना फार बरं वाटलं, आणि लंकाबाईची फार भीतीही वाटली.

लंकाबाई आली ती गळ्यातला नवा हार पुढे करतच. पाठोपाठ तिचे यजमान सहादूअण्णा, चेहऱ्यावर हाराची ऐट. पण बाईंची नजर बहिणीच्या बोटावर गेली आणि तिथेच थबकली.

“माय वं! पिव्वा पुष्कराज, आन् त्यात मोराचे रंग? कोठला शे हा?”

“यांनी स्वतः घासलाय,” सिंधुताई म्हणाल्या आणि नवऱ्याची सोललेली बोटं धरून दाखवली. सर लाजले. ओपल आणि पुष्कराज यांतला फरक सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण बायकोचा चेहरा बघून मिटलं.

“दगड शे शेवटी,” सहादूअण्णा म्हणाले. “सोनं ते सोनं.”

लंकाबाईने हारावरून हात फिरवला. तिलाही ते पटल्यासारखं दिसलं.

चहा झाला. सवयीप्रमाणे सिंधुताई कप गोळा करून सिंककडे निघाल्या, आणि सर खुर्चीतून ताडकन उठले.

“थांब! पाण्यात हात घालायचा नाही. खडा पाणी पितो. पुन्हा काही प्यायला ना, तर माझं काही खरं नाही. हो बाजूला, मी धुतो.”

“कप आत्ता धुवाल. संध्याकाळची भांडी?”

“तीसुद्धा.”

“आणि कणीक?”

“ओली असते ना? मग तीपण मीच. अंगठी बोटात आहे तोवर तू पाण्याकडे फिरकायचं नाही.”

सिंधुताई सोफ्यावर बहिणीशेजारी येऊन बसल्या. आतून कपांचा खळखळाट येऊ लागला. लंकाबाईने मान वाकडी करून आत कप विसळणाऱ्या सरांकडे बघितलं. मग तिने गळ्यातला हार काढून पर्समध्ये टाकला आणि नवऱ्याकडे वळली.

“अहो, माले बी असाच दगड जोयजे.”

“अगं, दगड काय मागस? दोन तोळ्यांची अंगठी करू तुला.”

“सोनं नको,” लंकाबाई म्हणाली. “सोन्याले पाणी चालस.”