शिर्केतात्या वायर हुंगायचे

आमचे हेडक्लार्क शिर्केतात्या वायर हुंगून तिचा दोष सांगत. खोपोलीजवळच्या आमच्या कारखान्यात तेव्हा एकच अंतर्गत फोन होता. कचेरीतून निघून खांबाखांबांवरून मैलभर वर, नदीकाठच्या पंपघरापर्यंत जाणारा. मॅनेजरसाहेब तो पाहुण्यांना कौतुकानं दाखवत. वापरत फक्त तात्या.

एका सकाळी फोन मुका झाला. साहेब म्हणाले, बघू पुढच्या आठवड्यात. आम्हीही माना डोलावल्या, कारण कुणाचंच काही अडलं नव्हतं. तात्यांनी मात्र कोट काढून खुंटीला लावला.

"आधी हुंगा, मग बोला," हे त्यांचं नेहमीचं. भिंतीला नाक लावून, आमची टेबलं हटवत ते निघाले आणि हिशेबनिसांच्या टेबलाखाली थबकले. आम्ही श्वास रोखून बसलो. तिथं सुकटीचा डबा निघाला.

दुपारी नाकानं हार मानली, तेव्हा तात्या गुडघ्यांवर आले आणि वायर चाचपत सरकू लागले. ती गेली होती लोखंडी कपाटाखाली. तपासनीस येणार म्हणून भिंतीची ओल झाकायला साहेबांनीच ते कपाट आदल्या दिवशी तिथं सरकवलं होतं. त्याच्या पायाखाली वायर चेचली गेली होती. साहेब म्हणाले, तपासणी होईस्तोवर कपाटाला कुणी हात लावायचा नाही.

तात्यांनी आजवर साहेबांचा शब्द मोडला नव्हता.

"ओल दिसली तर दिसू द्या, साहेब. वर काळूला निरोप कसा जायचा?"

काळू पंपघरावरचा गडी, ठाकरवाडीतला. त्याची बायको कर्जतच्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती आणि साहेबांनी त्याला रजा दिली नव्हती. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तात्या जेवणाच्या सुट्टीत रोज फोनवर त्याच्याशी बोलत, म्हणून त्यांना ठाऊक.

साहेब केबिनमध्ये गेले. आम्ही कपाट ओढलं. तात्यांनी सांधा केला, सवयीनं हुंगला.

संध्याकाळी काळूचा मेव्हणा सायकल मारत कर्जतहून आला. तात्यांनी फोनचा दांडा फिरवला.

"काळू, मुलगी झाली रं. दोघी बऱ्या हायत."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू येईना. लाइन पुन्हा गेली असं वाटून हिशेबनीस उठले. तात्यांनी त्यांना हातानंच थांबवलं. तात्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ते हळूच म्हणाले, "रडून घे रं बाबा. मी हाय हिकडं."