पडद्याला पाठ

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान, रामनगरच्या तंबूतल्या थेटरचे मालक. आणि हे मालक पडद्याला पाठ करून बसायचे. पडद्याखाली एक लाकडी स्टूल, त्यावर दाजी, तोंड पब्लिककडं. पिक्चर कुठलाही असो, हे माणसांची तोंडं बघत बसणार. मी पिक्चरची मशीन चालवायचो. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "दाजी, एकदा तरी वळून बघा की."

"पडदा कुठं पळून जातोय? माणसं बघ, माणसं."

बरं, नुसतं बघून गप्प बसतील तर ते दाजी कसले! सगळा तंबू हसत असताना एखादा हसला नाही, की स्वारी उठली. लोकांच्या मांड्यांवरून पाय टाकत त्याच्यापर्यंत जायची. "का रं, का हसला न्हाईस?" त्याची दाढ दुखत असायची, नाहीतर म्हैस आटलेली असायची. दाजी उकिडवे बसून सगळं ऐकून घ्यायचे. एकदा अणशी गावचा एक म्हातारा म्हणाला, मला जोक कळलाच न्हाई. झालं! ह्यांनी हात वर करून मला मशीन थांबवायला लावली आणि त्याला तो जोक पहिल्यापासून समजावून सांगितला. त्यानंतर त्यावर कुणालाच हसू येईना. लोकांनी शिव्या मात्र मला घातल्या.

त्यात गावात व्हिडिओ आला. लोक एका खोलीत कोंबून बसून नवे पिक्चर बघायला लागले आणि आमच्या तंबूत कावळे ओरडायला लागले. अशा वेळी शहाण्या माणसानं फायटिंगचा पिक्चर आणावा की नाही? दाजी धारवाडला गेले, तिथं फिल्म सोसायटी चालवणाऱ्या एका प्राध्यापकांना भेटले आणि तीन पेट्या घेऊन आले.

"काळ्या माणसांनी काढलेले पिक्चर हायत," म्हणाले. "दोन आफ्रिकेचे, एक अमेरिकेचा. हिरो काळा, हिरोईन काळी, आन कॅमेऱ्यामागं बी काळाच माणूस. तीन दिवस महोत्सव करायचा."

"फाईट हाय?"

"न्हाई."

"गाणी?"

"एक हाय. कांडताना."

मी कपाळाला हात लावला.

आमच्या रानात सिद्दी लोकांच्या वाड्या आहेत. त्यांचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आले, पण पिढ्यान्पिढ्या ते इथलेच. आमच्यासारखीच भातशेती, आमच्यासारखंच बोलणं. मला वाटलं, त्यांच्यासाठी चाललं असेल, तर चालू दे. पण दाजींना सगळ्या वाड्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा एकच धोशा, "परसू सिद्दीच्या वाडीवर अनाउन्समेंट झाली पायजे." तिथं जीप जात नाही. म्हणून मी डोक्यावर बॅटरी आणि खांद्यावर भोंगा घेऊन दोन मैल रान तुडवत गेलो. आलो तर हे वाटेतच उभे.

"परसूनं ऐकलं न्हवं?"

"भात झोडत होता. ऐकून न ऐकल्यासारखं केलं."

"मग परत जा."

"तुम्हीच जावा की!"

"मला काम हाय."

काम कसलं, तर स्टूल पुसायचं. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. मान मोडली माझी.

पहिल्या दिवशी अकरा माणसं आली. फाईट नाही हे कळल्यावर चार उठून गेली. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. दाजींचं माणसांकडंही लक्ष नव्हतं, डोळे सारखे दाराकडं. व्हिडिओवाला रस्त्यातून मला विचारून गेला, "काय, हाऊसफुल्ल?" माझं डोकं फिरलं. जेवताना मी आक्काला स्पष्ट सांगितलं, "उद्या मी मशीनला हात लावणार नाही. तुझ्या नवऱ्याला वेड लागलंय."

दाजी बाहेर हात धूत होते. आक्का आवाज खाली आणून म्हणाली, "लग्नाआधी हे आन परसू एका लाकूडतोडीवर कामाला होते. एका भाकरीत दोघं जेवायचे. दर आठवड्याला ह्याच तंबूत पिक्चरला यायचे, तवा मालक दुसरा होता. एकदा पिक्चरमध्ये गळ्यात हाडकं घातलेली काळी माणसं नाचायला लागली. सगळा तंबू परसूकडं वळून हसला. हे बी हसले. त्याच्या पाठीत थाप मारून हसले. परसू उठून गेला. तवापासून तंबूत न्हाई, आमच्या दारात बी न्हाई."

"मग ह्यांनी जाऊन विचारलं नाही?"

"धीर झाला न्हाई. आता अख्ख्या गावाला इचारत फिरत्यात."

तिसऱ्या दिवशी मी तासभर आधीच मशीन पुसून तयार ठेवली.

पिक्चर सुरू होऊन पाच-दहा मिनिटं झाली असतील. परसू आला. बायको बरोबर. कुणाकडं न बघता माझ्या मशीनजवळच्या खांबाला टेकून बसला. पडद्यावर गावातल्या बाया उखळात धान्य कांडत होत्या आणि एका फुगलेल्या साहेबाची फजिती चालली होती. परसूची बायको पदर तोंडाला लावून हसली. इतर पाच-सहा जण हसले. परसू हसला नाही.

दाजी स्टुलावरून उठले. वाटेत कुणाची मांडी आडवी नसतानाही दोनदा अडखळत ते खांबापाशी आले आणि परसूपुढं उभे राहिले.

"परसू," म्हणाले, "का हसला न्हाईस?"

परसूनं वर बघितलं. "तवाचं इचारतोस का आताचं?"

"तवाचं."

"लई उशीर केलास, गड्या," परसू म्हणाला. मग थोडं सरकून त्यानं शेजारी जागा केली. "बस खाली. तुझ्यामुळं दिसंना झालंय."

दाजी बसले. पडद्याकडं तोंड करून. परसू पडद्याकडं बोट करून म्हणाला, "त्या बाया मुसळ किती वर उचलत्यात बघ. हात दुखतील की." दाजींनी मान हलवली आणि खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं. कितीतरी वेळ पुसतच राहिले.

"ए मेव्हण्या!" एकदम दाजींची आरोळी आली. मी दचकलो. रीळ कधीच संपलं होतं, मशीन नुसतीच फडफडत होती आणि समोर पांढराफटक पडदा.

"पडद्याकडं लक्ष दे की! माणसं काय बघायलायस?"